भात दरवर्षी त्याच कोपऱ्यात पिवळं-नारंगी पडून खुजं राहतंय: टुंग्रो ओळखा, तुडतुडे रोखा, वाण पारखून घ्या

लावण होऊन तीन-चार आठवडे झाले की शेताच्या एका बाजूला ठिगळ दिसायला लागतं. पानं टोकाकडून पिवळी, मग नारंगी होत खाली सरकतात. शेजारचे चूड (एका जागी लावलेल्या रोपांचे झुबके) गुडघ्याला लागलेले असतात, हे मात्र वीतभरच राहतात आणि फुटवे कमी येतात. युरिया दिला, झिंक मारलं, बुरशीनाशक मारलं, तरी फरक पडत नाही. लोंबी उशिरा, अर्धवट बाहेर येते आणि निम्मे दाणे पळंज निघतात. पुढच्या वर्षी पुन्हा तीच बाजू. हे चित्र असेल तर टुंग्रो या विषाणूजन्य रोगाचा संशय घ्यायला हवा. हा रोग हिरवे तुडतुडे पसरवतात.

संशय आणि खात्री यांत मात्र अंतर ठेवा. खानापूर-जांबोटीच्या तांबड्या रानात काय किंवा बेळगाव तालुक्यातल्या नाल्याकाठच्या काळ्या रानात काय, पिवळ्या भातामागं बहुतेक वेळा दुसरीच कारणं असतात. रोग नसताना कीटकनाशक मारलं की पैसे तर जातातच, शिवाय तुडतुडे खाणारे कोळी आणि मिरीड ढेकूण मरतात, आणि मग खरा त्रास सुरू होतो.

आधी हे खरंच टुंग्रो आहे का ते ठरवा

सगळं शेत सारखंच फिकं असेल आणि खालची जुनी पानं आधी पिवळी झाली असतील तर ती नत्राची कमतरता. टुंग्रोत एक चूड नारंगी आणि त्याला लागून असलेला हिरवागार, असं चित्र दिसतं.

जस्ताची कमतरता लावणीनंतर २ ते ४ आठवड्यांत, पाणी तुंबलेल्या खोलगट भागात दिसते. खालच्या पानांवर तांबूस-तपकिरी डाग पडतात आणि नव्या पानाच्या बुडाशी मधली शीर पांढरट होते. झिंक सल्फेट ५ ग्रॅम आणि विरलेला चुना २.५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात घालून फवारा. नवी पानं आठ-दहा दिवसांत सुधारली तर प्रश्न जस्ताचा होता. टुंग्रोवर या फवारणीनं काहीही होत नाही, म्हणून पट्टाभर फवारून बघणं ही स्वस्त आणि चांगली चाचणी आहे.

कुरीनं (पाभरीसारख्या पेरणीच्या अवजारानं) धूळवाफ, म्हणजे कोरड्या मातीत पेरलेल्या भातात, मृगाचा पाऊस मध्येच थांबला आणि रानात पाणी उभं राहिलं नाही, तर लोहाची कमतरता येते. यात सर्वात कोवळं पान आधी पिवळं-पांढरं पडतं आणि शिरा हिरव्या राहतात. पाणी साचलं की ती बहुधा आपोआप जाते. घाई असेल तर फेरस सल्फेट ५ ते १० ग्रॅम प्रति लिटर फवारा. याच्या अगदी उलट त्रास डोंगराच्या पायथ्याच्या, सतत पाझर असलेल्या जांभ्या मातीत होतो. तिथं लोह जास्त होऊन खालच्या पानांवर टोकाकडून बारीक तपकिरी ठिपके येतात आणि पान तांबूस दिसतं. तिथं पाणी काढून रान हवेशीर करणं आणि पालाश देणं हाच उपाय.

कडा करप्यात पिवळेपणा पानाच्या कडेनं नागमोडी उतरतो. पान कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरलं की कापलेल्या टोकातून दुधाळ धागा सुटतो. टुंग्रोत असं होत नाही. तपकिरी तुडतुड्यांनी भात जळतं ते गोल चकत्यांत, बहुतेकदा पोटरीनंतर, आणि चुडाच्या बुडाशी पाण्यालगत कीड दाटलेली असते.

एक जवळचं नातेवाईक दुखणं आहे, त्यात गोंधळ होतो. हिरवे तुडतुडेच पसरवत असलेल्या पीत खुजा रोगातही भात पिवळं आणि खुजं होतं, पण त्यात गवतासारखे भरमसाट फुटवे येतात. धसकटातून फुटलेल्या भातावर तो ठळक दिसतो. टुंग्रोत फुटवे घटतात.

एवढं करूनही संशय उरला तर आयोडीनची चाचणी घरी करता येते. पोटॅशियम आयोडाइड ६ ग्रॅम आधी थोड्या पाण्यात विरघळवा, त्यात आयोडीन २ ग्रॅम घाला, मग पाणी वाढवून १०० मिली करा. नुसत्या पाण्यात आयोडीन नीट विरघळत नाही, म्हणून हा क्रम मोडू नका. सकाळी ६ च्या आत संशयित चुडाच्या पानाचा टोकाकडचा १० सेंमी तुकडा कापा आणि कापलेली बाजू २-३ सेंमी द्रावणात १५ मिनिटं बुडवून ठेवा. त्याच वाणाच्या निरोगी चुडाचं पानही शेजारी ठेवा. धुतल्यावर रोगट पानात गडद निळ्या-काळ्या रेषा दिसतात. निरोगी पानातलं पिष्ट रात्रीतून खोडाकडे उतरलेलं असतं. रोगट पानाच्या अन्ननलिका (तयार अन्न वाहून नेणाऱ्या नळ्या) बिघडलेल्या असल्यानं ते तिथंच अडकून राहतं आणि आयोडीननं निळं होतं. दुपारी चाचणी केली तर निरोगी पानातही पिष्ट असतं, त्यामुळे तिचा उपयोग शून्य. ही चाचणी दिशा दाखवते, शिक्का मारत नाही. पक्की खात्री प्रयोगशाळेत विषाणूचा जनुकीय अंश शोधूनच होते.

नमुना पाठवायचा असेल तर ५ रोगट आणि २ निरोगी चूड मुळासकट उपटा. माती झाडून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, पिशवीत घालून सावलीत ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पोहोचवा. सोबत वाण, पेरणी-लावणीची तारीख, दिलेलं खत आणि मारलेलं औषध लिहून द्या. होबळीचं (तालुक्यातल्या महसुली विभागाचं) रयत संपर्क केंद्र, मत्तीकोप किंवा तुक्कानट्टीचं कृषी विज्ञान केंद्र, धारवाड कृषी विद्यापीठाचा वनस्पती रोगशास्त्र विभाग, अशा क्रमानं विचारा. नुसत्या मोबाइलवरच्या फोटोवरून टुंग्रो आणि जस्त यांत फरक करणं जाणकारालाही अवघड जातं.

रोग चालतो कसा, आणि औषध कुठे हरतं

टुंग्रो हा दोन विषाणूंचा मिळून होणारा रोग आहे. एक दंडगोल आकाराचा, डीएनएचा. पिवळेपणा आणि खुजेपणा मुख्यतः त्याचं काम. दुसरा गोल, आरएनएचा. तो एकटा असला तर रोपावर फारसं काही दिसत नाही, पण दंडगोल विषाणूला तुडतुड्यामार्फत एका रोपातून दुसऱ्यात जायला याचीच मदत लागते. दोन्ही विषाणू रोपाच्या अन्ननलिकांत राहतात.

वाहक आहे हिरवा तुडतुडा, त्यातही नेफोटेटिक्स विरेसेन्स ही जात. तीन-पाच मिलिमीटरचा, हिरवा, नराच्या पंखावर मध्ये काळा ठिपका आणि टोकं काळी. रोगट चुडावर अर्धा तास रस शोषला तरी तो विषाणू घेतो. आत वाढायला विषाणूला वेळ लागत नाही, त्यामुळे लगेच पुढच्या रोपावर काही मिनिटं बसला तरी लागण होते. मात्र हे ओझं तो फार दिवस वाहत नाही. चार-पाच दिवसांत ते संपतं, कात टाकली की पिल्लू स्वच्छ होतं आणि अंड्यांतून पुढच्या पिढीला विषाणू जात नाही. म्हणजे तुडतुड्याला पुन्हा पुन्हा रोगट रोप सापडावं लागतं. या रोगाचा कमकुवत दुवा इथंच आहे, आणि पुढचे सगळे उपाय याच दुव्यावर बेतलेले आहेत.

लागण झाल्यावर लक्षणं दिसायला एक-दोन आठवडे लागतात. ठिगळ नारंगी दिसतं तेव्हा लागण होऊन गेलेली असते आणि तुडतुडे पुढच्या वाफ्यात पोहोचलेले असतात. म्हणून पिवळेपणा बघून केलेली फवारणी त्या चुडांना वाचवू शकत नाही, कारण विषाणूवर औषध नाही. शिवाय शेजारच्या न फवारलेल्या रानातून तुडतुडे येत राहतात आणि औषधानं मरण्याआधी काही मिनिटं रस शोषायला त्यांना फुरसत मिळते. "फवारलं तरी पसरतोय" ही तक्रार औषध नकली असल्यामुळे असेलच असं नाही, वेळ चुकलेली असते.

बियाण्यातून, मातीतून, पाण्यातून, विळ्याला लागलेल्या रसातून किंवा वाळलेल्या पिंजरातून हा रोग पसरत नाही. रोगट शेताचं बियाणं टाकून द्यायची गरज नाही. फक्त हलकं बी निघून जावं म्हणून १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून तरंगणारं बी काढा, बुडालेलं दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुवा आणि सावलीत सुकवा.

त्याच कोपऱ्यात का

इथल्या शिवाराची एक खास अडचण आहे. रोहिणी-मृगात कुरीनं पेरलेलं भात आणि आर्द्रा-पुनर्वसूत चिखल करून लावलेलं भात एकाच शिवारात बांधाला बांध लागून असतं. दोघांच्या वयात पाच-सहा आठवड्यांचं अंतर पडतं. पेरलेल्या भातावर तुडतुड्यांची एक पिढी पूर्ण होते, कारण अंड्यापासून प्रौढापर्यंत साधारण महिना पुरतो. नेमक्या त्याच वेळी शेजारी कोवळी लावण तयार असते. कोवळ्या रोपाचं नुकसान सर्वात जास्त होतं. लावणीनंतर पहिल्या महिना-दीड महिन्यात लागण झाली तर चूड जवळजवळ वाया जातो, दोन महिन्यांनंतर झाली तर तोटा किरकोळ राहतो. म्हणून ठिगळ नेहमी लावणीच्या रानात, पेरणीच्या रानाला लागून असलेल्या बाजूला दिसत असेल तर कारण शोधायला लांब जायला नको.

दुसरं कारण उन्हाळ्यातला पूल. भातानंतर मसूर, हरभरा, वाटाणा घेण्याची इथली रीत या रोगाला मारक आहे, कारण कडधान्यावर हा विषाणू जगत नाही. पण नाल्याकाठच्या ओल टिकणाऱ्या तुकड्यात कडधान्य घेता येत नाही, तिथं धसकटं तशीच राहतात आणि त्यांना हिरवे फुटवे येतात. हे फुटवे, बांधावरचं देवभात (रानटी भात) आणि काही गवतं विषाणूला पावसाळ्यापर्यंत सांभाळतात. नदीवर मोटर लावून उन्हाळी भात घेत असतील तर पूल आणखी पक्का होतो.

तिसरं, दिवा. हिरवे तुडतुडे रात्री उजेडाकडे झेपावतात. रस्त्यावरच्या किंवा मोटरघराच्या दिव्याजवळचे वाफे आधी तपासा.

या हंगामात ठिगळ दिसलंय, तर

लावणीला किती दिवस झाले यावर सगळं अवलंबून आहे. साठ दिवसांच्या पुढं गेलं असेल तर टुंग्रोसाठी काहीही फवारू नका. तपकिरी तुडतुड्यांवर लक्ष ठेवा आणि पुढच्या वर्षाची तयारी करा.

तीस दिवसांच्या आत असेल आणि रोगट चूड विखुरलेले, मोजके असतील तर:

१. सकाळी शेताच्या दोन्ही कर्णांवर मिळून २० चूड निवडा. प्रत्येक चूड हलकेच हापटून उडणारे-पडणारे हिरवे तुडतुडे मोजा. टुंग्रो दिसलेल्या शिवारात सरासरी २ प्रति चूड ही फवारणीची पातळी धरतात. रोग नसलेल्या ठिकाणी ५ ते १० पर्यंत थांबता येतं.

२. पातळी ओलांडली असेल तर थायामेथोक्झाम २५ डब्ल्यूजी ४० ग्रॅम किंवा इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल ४० ते ५० मिली, एकरी २०० लिटर पाण्यातून. १६ लिटरच्या पंपाला थायामेथोक्झाम साधारण ३ ग्रॅम येतं. नोझल चुडाच्या मध्यावर धरा आणि बाहेरच्या कडेनं आत फवारत या, म्हणजे तुडतुडे शेजारी पळत नाहीत.

३. फवारणीनंतर एक-दोन दिवसांनी रोगट चूड मुळासकट उपटून चिखलात गाडा. क्रम उलटा करू नका. आधी उपटलं तर त्यावरचे तुडतुडे उडून शेजारच्या निरोगी चुडावर बसतात.

४. लावणीला तीन आठवडे झाले नसतील तर राखून ठेवलेल्या तरव्यातली (रोपवाटिकेतली) रोपं घालून तुटाळ, म्हणजे मोकळ्या पडलेल्या जागा, भरा. त्यानंतर भरलेली रोपं मागं पडतात आणि तुडतुड्यांना पुन्हा कोवळं खाद्य मिळतं.

५. नत्राचा हप्ता थोडा पुढं ढकला आणि दोन भागांत द्या.

वरची दोन्ही औषधं एकाच गटातली आहेत, आलटून-पालटून मारली तरी गट बदलत नाही. ब्युप्रोफेझिन २५ एससी (एकरी ३२० मिली) वेगळ्या गटाचं आहे, पण ते पिल्लांची कात अडवतं, उडणाऱ्या प्रौढांना मारत नाही. रोग पसरत असताना त्याच्या भरवशावर राहू नका. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीनसारखी पायरेथ्रॉइड औषधं भातात टाळाच. त्यांनी मित्रकीटक मरतात आणि तीन-चार आठवड्यांनी तपकिरी तुडतुडे दुप्पट जोरानं येतात. दुकानदारानं दोन-तीन औषधांचं मिश्रण बांधून दिलं तर प्रत्येक बाटलीवरचं नाव वाचा. फुलोऱ्यात फवारणी नको, आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लेबलवर बघा.

पिवळेपणा घालवायला २ टक्के युरिया फवारण्याचा सल्ला मिळतो. पानं काही दिवस हिरवी दिसतात, विषाणू तसाच राहतो, आणि कोवळ्या हिरव्या पानांवर तुडतुडे जास्त बसतात. वाढीच्या पहिल्या टप्प्यात हा उपाय करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

पुढच्या हंगामाची तयारी काढणीपासूनच

काढणी झाल्यावर ओल आहे तोवर धसकटं नांगरून गाडा. जिथं नांगर चालत नाही त्या पाणथळ तुकड्यात निदान जनावरं सोडून हिरवे फुटवे खाऊ घाला आणि मे महिन्यात पुन्हा एकदा बघा. बांधावरचं देवभात फुलण्याआधी कापा. या एका कामानं जे साधतं ते चार फवारण्यांनी साधत नाही, कारण पहिल्या पावसात आलेल्या तुडतुड्याला विषाणू घ्यायला रोपच सापडत नाही.

तरवा दिव्यापासून आणि जुन्या भातापासून लांब टाका. तरव्यातच लागण झालेली रोपं लावली तर रोग सगळ्या शेतात सारखा विखुरतो आणि ठिगळ दिसतच नाही, सगळं रानच कमकुवत दिसतं. तरव्यात हिरवे तुडतुडे उडताना दिसले तर उपटणीच्या चार-पाच दिवस आधी थायामेथोक्झाम गुंठ्याला १ ग्रॅम, ५ लिटर पाण्यातून फवारा. फवारणीसाठी हंगामातली हीच सर्वात किफायतशीर वेळ. क्षेत्र लहान, औषध थोडं, आणि रोपाचं सर्वात नाजूक वय सांभाळलं जातं.

लावण दाट ठेवा. २० बाय १० किंवा १५ बाय १५ सेंमीवर, चुडात २-३ रोपं. एक-एक रोप २५ बाय २५ वर लावण्याची पद्धत बियाणं वाचवते, पण टुंग्रोच्या शिवारात गेलेल्या प्रत्येक रोपामागं मोठी जागा मोकळी पडते. पेरलेल्या भातात रोपांची संख्या मुळातच जास्त असल्यानं लागलेल्या रोपांचं प्रमाण कमी राहतं. त्या दृष्टीनं, दरवर्षी त्रास होणारा कोपरा लावणीऐवजी शेजाऱ्यांच्याच वेळी कुरीनं पेरणं हा विचार करण्याजोगा उपाय आहे.

सगळ्यांत अवघड, पण सगळ्यांत परिणामकारक काम म्हणजे शिवारातल्या बांधकऱ्यांनी मिळून लावणीची वेळ ठरवणं. दोन-तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांची लावण उरकली तर तुडतुड्यांना जुन्यावरून कोवळ्यावर उडी मारता येत नाही. एकट्यानं हे होत नाही.

वाण: "प्रतिकारक" म्हणजे नेमकं कशाला?

पिशवीवर किंवा दुकानात "तुडतुड्यांना प्रतिकारक" असं सांगतात. तीन प्रश्न विचारा. तपकिरी तुडतुड्यांना की हिरव्या? तपकिरीला दाद न देणारा वाण टुंग्रोला सहज बळी पडू शकतो. हिरव्यांना असेल तर कीटकाला की विषाणूला? आणि विषाणूला असेल तर दोन्हींना की एकाला?

कीटकाला प्रतिकार असलेल्या वाणावर तुडतुड्याला अन्ननलिकेतून नीट रस शोषता येत नाही, तो जलवाहिनीतून पाणचट रस ओढत राहतो. विषाणू अन्ननलिकेत राहणारे असल्यानं लागण कमी होते. पंखारी २०३, केरळातल्या पट्टांबीचा पीटीबी १८, आसामच्या संग्रहातला एआरसी ११५५४ हे असे गुण देणारे जुने वाण. पण तुडतुड्यांची संख्या फार झाली तर हा पहारा कोलमडतो, आणि तोच वाण वर्षानुवर्षं मोठ्या क्षेत्रावर राहिला की त्यावर पोसणारे तुडतुडे तयार होतात. फिलिपीन्स आणि इंडोनेशियात आयआर मालिकेतल्या वाणांबाबत हेच घडलं, काही वर्षांतच प्रतिकार निकामी झाला.

विषाणूलाच अडवणारा प्रतिकार अधिक टिकाऊ मानला जातो. इंडोनेशियाचा उत्री मेराह हा त्याचा मोठा दाता. त्याची गोल विषाणूविरुद्धची ताकद ईआयएफ४जी या जनुकातल्या छोट्या बदलात आहे. रोपाचं हे प्रथिन विषाणू स्वतःच्या वाढीसाठी वापरतो, त्याचा आकार जरा बदलला की विषाणूचं काम अडतं. २०१८ मध्ये फिलिपीन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं आयआर ६४ मध्ये हेच जनुक संपादित करून गोल विषाणूला प्रतिकार दाखवला. गोल विषाणू अडला की त्या रोपातून दंडगोल विषाणू पुढं नेणं तुडतुड्याला जवळजवळ अशक्य होतं, म्हणून या प्रतिकाराचा फायदा शेजारच्या रानालाही मिळतो. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. संकरित बियाण्यात एका जरी पालकात तो नसेल तर उपयोग नाही.

भारतात टुंग्रोसाठी शिफारस झालेल्या वाणांत हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचा विक्रमार्या हे ठळक नाव. पण खानापूरच्या पावसात कुरीनं पेरून, इंटानसारख्या नेहमीच्या वाणाच्या जागी एकदम नवा वाण घेणं धोक्याचं. कालावधी, लोळणं, करपा, पोह्याला आणि भाकरीला चालतो का, हे सगळं आड येतं. इंद्रायणी किंवा बेळगाव बासमतीसारखा चवीवर विकला जाणारा वाण सोडणं तर आणखी जड. ज्यांना असा चवीचा वाण लावायचाच आहे त्यांनी तो पेरणीच्या रानाला लागून असलेल्या कोपऱ्यात लावू नये. त्या बाजूला प्रतिकारक वाणाचा पट्टा घ्यावा.

नवा वाण पारखायचा तर त्रासाच्या कोपऱ्यातच पारखा, चांगल्या रानात नाही. चार-पाच वाण घ्या, प्रत्येकाच्या २० चुडांच्या दोन ओळी, दर दोन वाणांनंतर दरवर्षी रोग धरणाऱ्या आपल्या नेहमीच्या वाणाची एक ओळ. अशी मांडणी तीन ठिकाणी करा. त्यात फवारणी नको. लावणीनंतर ३०, ४५ आणि ६० दिवसांनी रोगट चूड मोजा आणि उंची टेपनं मोजा. त्याच वाणाच्या निरोगी चुडापेक्षा उंची १० टक्क्यांपर्यंत घटली आणि पान पिवळं नाही, तर वाण प्रतिकारक. ३० टक्क्यांपर्यंत घट असेल तर मध्यम. त्यापुढं घट आणि ठळक पिवळेपणा असेल तर बळी पडणारा. नेहमीच्या वाणाच्या ओळींतच त्या वर्षी रोग आला नसेल तर ते वर्ष मोजणीत धरू नका. रोगाचा दाब नसताना प्रत्येक वाण चांगलाच दिसतो.